जोर नेमका कुठे कमी पडतो?

अंगठा तळहाताकडे ओढणारा एक बेताचा स्नायू अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, तळव्याच्या खोलवर असतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलात काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पी. ए. मर्टन यांनी 1954 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगासाठी नेमका हाच स्नायू निवडला. प्रश्न जुनाच होता. माणूस जीव खाऊन जोर लावतो तेव्हा स्नायूची सगळी ताकद कामाला लागते, की काही हातची राखून ठेवली जाते? निवड मोठ्या हुशारीची होती. अंगठा आत ओढण्याचे काम जवळजवळ एकटा हा स्नायू करतो, त्यामुळे मोजलेला जोर कोणाचा याबद्दल वाद उरत नाही. त्याची नस, म्हणजे कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी अल्नर नस, मनगटापाशी कातडीखाली सहज सापडते. हात चौकटीत घट्ट बसवायचा, अंगठ्याला जोर मोजणारे यंत्र जोडायचे आणि मनगटावर विजेचा एक अगदी छोटा पण त्या स्नायूच्या सगळ्या तंतूंना पुरेल इतका धक्का द्यायचा. हात सैल असेल तर अंगठा टचकन आत येतो, कागदावर एक आचका उमटतो. आता माणसाने थोडा जोर लावलेला असताना तोच धक्का दिला, तर आधीच्या जोरावर आचक्याची भर पडते, पण सैल हातापेक्षा थोडी लहान. निम्म्या जोरावर ती साधारण निम्मी होते. जोर पूर्ण लागला की धक्का बसूनही आलेखाची रेघ जागची हलत नाही.

या न हलणाऱ्या रेघेत बराच अर्थ भरला आहे. धक्का मनगटावर दिला आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या कितीतरी खाली. तिथे तो नसेतल्या प्रत्येक तंतूला एकदम चेतवतो, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. जे स्नायूतंतू आधीच पुरेशा वेगाने येणाऱ्या आवेगांनी पूर्ण आवळलेले आहेत, ते या एका जादा आवेगाने आणखी आवळू शकत नाहीत. जे रिकामे बसले आहेत किंवा अर्धवट आवळलेले आहेत, ते मात्र आपली भर घालतात. म्हणजे आचका जेवढा, तेवढे मेंदूच्या आज्ञेने न वापरलेले बळ. बंद कळशी किती भरली आहे हे बाहेरून दिसत नसेल, तर वरून थोडे ओतून किती मावते ते पाहावे, तसाच हा प्रकार. मेंदू आणि मज्जारज्जू स्नायूला किती जोराने हाकतात हे मोजण्याच्या आजच्या भरवशाच्या पद्धतींपैकी बऱ्याच पद्धती याच युक्तीच्या पोटी जन्मल्या आहेत. माझे म्हणणे असे की त्या युक्तीचा खरा धडा अजून पुरता अंगवळणी पडलेला नाही. आज्ञा म्हणून जे काही मेंदूतून निघते, ते थेट मोजता येत नाही. मोजता येते ती त्यातली उणीव, आणि ती कोणत्या पायरीवरची हे धक्का कुठे दिला यावर ठरते.

मर्टन यांच्या आधीची साठेक वर्षे हा प्रश्न दुसऱ्या बाजूला झुकलेला होता. तुरीन विद्यापीठातल्या आंजेलो मोस्सो यांनी एर्गोग्राफ नावाचे यंत्र बनवले. मधल्या बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायचे आणि प्रत्येक खेपेची उंची फिरत्या कागदावर नोंदायची. थकवा येत गेला की रेघांची शिडी उतरत जाते. 1891 साली आलेल्या थकव्यावरील पुस्तकात मोस्सो यांनी असे आलेख दिले. त्यांतले एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन दमलेल्या त्यांच्या एका सहकाऱ्याचे बोट नेहमीपेक्षा खूप लवकर थकले. बोटाने तर परीक्षा घेतली नव्हती. तेव्हा थकवा डोक्यातूनही खाली उतरतो असा निष्कर्ष मोस्सो यांनी काढला. मर्टन यांचा निकाल याच्या थेट विरुद्ध पडला. अंगठ्याचा जोर थकून पार खाली आला तरी मनगटावरच्या धक्क्याने त्यात भर पडत नव्हती. म्हणजे मेंदू आपले काम पूर्ण करतच होता, दमला होता तो स्नायू. हातावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून रक्तपुरवठा तोडला तर थकवा जागचा हलत नव्हता, पट्टा सोडल्यावर ताकद परतत होती. धक्क्याने स्नायूत उमटणारी विद्युत लाटही थकव्यात फारशी घटत नव्हती. म्हणजे नस आणि स्नायू यांच्यातला सांधाही शाबूत होता. यापुढची कित्येक वर्षे, निदान निरोगी आणि मनापासून जोर लावणाऱ्या माणसात, थकवा स्नायूतच असतो हे मत पाठ्यपुस्तकांत पक्के बसले.

इथे कोणीही विचारेल की एवढा खटाटोप कशाला? स्नायूतून वीज वाहते हे माहीत आहे, कातडीवर दोन इलेक्ट्रोड चिकटवले की ती दिसते. मग मेंदूचा हुकूम तिथेच का वाचू नये? कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात माणसाने दंड आवळल्यावर गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलते हे दाखवले. कातडीचा अडथळा कमी करण्यासाठी त्यांनी तिच्यावर फोड आणून वरचा थर काढला होता. आज तेवढा त्रास कोणी काढत नाही, चिकटपट्टीसारखा इलेक्ट्रोड पुरतो. मोठ्या रुग्णालयांत ‘ईएमजी-एनसीव्ही’ नावाने होणारी तपासणी याच घराण्यातली, आणि नसेचा किंवा स्नायूचा आजार ओळखण्यात तिचा उपयोग निर्विवाद आहे. अडचण येते ती या लाटांच्या उंचीला ‘मेंदूची आज्ञा’ म्हणताना. इलेक्ट्रोडखाली शेकडो तंतूंच्या लाटा एकमेकींवर आदळतात. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच क्षणी आला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. जोर जितका जास्त तितकी ही कापाकापी जास्त, म्हणजे जिथे मापाची सर्वांत गरज तिथेच माप सर्वांत जास्त चुकते. भरीला कातडीखालच्या चरबीची जाडी, इलेक्ट्रोडची जागा, सांधा वाकल्यावर सरकणारा स्नायू आणि थकव्याने तंतूंवरून सावकाश जाऊ लागलेली लाट. धक्का देऊन मिळणाऱ्या जास्तीत जास्त लाटेशी तुलना करून यांतले काही दोष दुरुस्त करता येतात. म्हणजे पुन्हा धक्काच लागतो. व्यायामशाळेत एका व्यायामापेक्षा दुसऱ्याने स्नायू ‘जास्त चेततो’ असे सांगणारे जे आलेख फिरतात, त्यांतल्या बहुतेकांनी ही दुरुस्ती केलेली नसते. अशा दाव्यांवर मी तरी कवडीचा विश्वास ठेवणार नाही.

धक्क्यावर इतका भर का, हे समजायला मज्जारज्जूतल्या शेवटच्या पेशीपर्यंत जावे लागते. स्नायूला हलवणारी प्रत्येक आज्ञा, मग ती विचारपूर्वक दिलेली असो, गरम तव्यावरून हात झटकण्याची असो वा श्वासाची असो, अखेर एकाच प्रकारच्या पेशीतून बाहेर पडते. ती म्हणजे प्रेरक चेतापेशी. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 च्या ग्रंथात तिला सगळ्यांचा शेवटचा सामाईक मार्ग म्हटले. एक पेशी आणि तिच्या फांद्या जिथे पोहोचतात ते सगळे स्नायूतंतू मिळून एक मोटर युनिट होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या वाट्याला दहा-वीस तंतू येतात, पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराच्या वर. जोर वाढवायचे मज्जारज्जूकडे दोनच मार्ग आहेत: आणखी युनिटे कामाला लावायची, किंवा लागलेल्यांना जास्त वेगाने आवेग पाठवायचे. युनिटे कोणत्या क्रमाने लागतात हे हार्वर्डच्या एलवुड हेनेमन यांनी 1957 आणि नंतर 1965 मध्ये दाखवले: लहान पेशी आधी, मोठ्या मागून. वेगही ठरावीक टप्प्यांत राहतो. कामाला लागताना सेकंदाला पाच ते आठ आवेग, भरपूर जोरात तीसच्या आसपास किंवा थोडे वर, आणि एकदम झटका देण्याच्या पहिल्या क्षणी शंभराच्या पुढे. हाताच्या छोट्या स्नायूंत साधारण निम्म्या जोरापर्यंतच सगळी युनिटे लागून जातात, पुढचे काम वेगावर चालते. दंडासारख्या मोठ्या स्नायूत नवी युनिटे ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत येत राहतात. एकाच मापाने दोघांची आज्ञा मोजायला गेलो तर फसणार, हे इथेच कळावे.

मर्टन यांच्या युक्तीचे आज जे सूत्र झाले आहे ते शाळकरी गणिताचे आहे. समजा, सैल स्नायू धक्क्याला 20 न्यूटनचा आचका देतो आणि पूर्ण जोरावर तोच धक्का 1 न्यूटनची भर घालतो. एकाला विसाने भागले, 5 टक्के आले, ते शंभरातून वजा केले. स्नायू 95 टक्के चेतवला गेला. निरोगी माणसे दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूत सराव आणि प्रोत्साहन असेल तर साधारणपणे नव्वदीच्या वर जातात. पण नेमके शंभर दर खेपेला गाठणारे विरळाच. अंगठ्यावर मर्टन यांना रेघ सपाट दिसली त्याचे एक कारण त्यांच्या यंत्राची मर्यादा. नंतरच्या यंत्रांनी जोराच्या आलेखाचा फक्त वरचा तुकडा कितीतरी पट मोठा करून पाहिला, तेव्हा सपाटीवरही बारीक उंचवटे दिसू लागले. आता या 95 ला किती भाव द्यायचा? पहिली गोम ‘सैल स्नायूच्या आचक्या’तच आहे. जोराच्या आकुंचनानंतर काही मिनिटे स्नायूचा आचका आधीपेक्षा मोठा येतो, कारण तंतूंतल्या प्रथिनांत तेवढ्यापुरता रासायनिक बदल होऊन ते जास्त तत्पर झालेले असतात. जोर लावण्याआधी मोजलेला आचका भाजक म्हणून घेतला तर उणीव फुगते. म्हणून जोर संपताच दोन-तीन सेकंदांत मोजलेला आचकाच घ्यायचा. दुसरी गोम, धक्का शेजारच्या आणि उलट ओढणाऱ्या स्नायूंनाही लागू शकतो. मग भर कमी दिसते आणि मेंदूला फुकटचे गुण मिळतात. तिसरी गोम सर्वांत महत्त्वाची. जोर आणि आचका यांचा संबंध वरच्या टोकाला सरळ रेषेत राहत नाही, तो वाकतो. शेवटच्या टप्प्यात आचका नगण्य असतानाही जोर आणखी वाढू शकतो. म्हणून 95 टक्के याचा अर्थ ‘फक्त पाच टक्के ताकद शिल्लक’ असा काढता येत नाही. खरी शिल्लक त्याहून मोठी असू शकते.

हे आक्षेप पद्धत मोडीत काढण्याइतके गंभीर आहेत असे काहींचे मत आहे. मला ते पटत नाही. एकाच माणसात, एकाच दिवशी, एकाच बांधणीत आधी आणि नंतर असे माप घेतले तर वरचे बरेच दोष दोन्ही बाजूंना सारखेच राहतात आणि फरक खरा राहतो. दोन वेगळ्या माणसांचे आकडे शेजारी ठेवून ‘याची इच्छाशक्ती जास्त’ म्हणणे मात्र चूक. आणि यंत्राने कधीच न पकडलेली एक मर्यादा तर उरतेच. धक्का मनगटावर दिला, तर उणीव मनगटाच्या वर कुठेतरी आहे एवढेच कळते. मज्जारज्जूतली पेशी मंदावली, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पेशींनी कमी पाठवले, की त्यांच्याही वरून येणारा रेटा कमी पडला, याचा पत्ता लागत नाही.

तो पत्ता शोधायचा तर धक्का वर न्यायला हवा होता, आणि मध्ये कवटीचे हाड. 1980 मध्ये याच मर्टन यांनी एच. बी. मॉर्टन यांच्यासोबत शुद्धीवर असलेल्या माणसाच्या टाळूवरून जोरदार विजेचा धक्का देऊन मेंदूतला हालचालीचा भाग चेतवून दाखवला. हात हलला. टाळूलाही चांगलेच कळले, कारण हा धक्का दुखतो. पाच वर्षांनी, 1985 मध्ये, शेफील्डच्या अँथनी बार्कर यांच्या गटाने डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला. बदलते चुंबकक्षेत्र हाड भेदून जाते आणि आत मेंदूत वीज उमटवते, टाळूला फारसे काही जाणवत नाही. ही टीएमएस पद्धत. वेटोळे योग्य जागी धरले की साधारण 20 मिलिसेकंदांत हाताच्या स्नायूत लाट उमटते. त्याच स्नायूला मनगटावरून लाट पोहोचायला तीन-चार मिलिसेकंद लागतात. आता उणीव मोजण्याची जागा मनगटावरून मेंदूच्या पृष्ठभागावर आली होती.

तिचा सर्वांत देखणा उपयोग सिडनीत सायमन गांदेव्हिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. काम 1996 साली प्रसिद्ध झाले. माणसाचे कोपर काटकोनात, मनगट यंत्राला बांधलेले, दंड दोन मिनिटे सलग पूर्ण जोराने आवळायचा. जोर भराभर उतरतो. अधूनमधून डोक्यावर टीएमएसचा स्पंद. ताज्या दंडात या स्पंदाने जेमतेम भर पडत होती, थकत गेला तशी ती काही पटींनी वाढली. विचार करा याचा. मेंदूतल्या हालचालीच्या भागात अजून बाहेर काढता येण्यासारखे बळ शिल्लक आहे, वेटोळे ते काढून दाखवते, पण माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नाला ते काढता येत नाही. म्हणजे उणीव त्या भागाच्याही वर आहे. आता त्यांनी मर्टन यांच्याच शस्त्राने पुढचा वार केला. दोन मिनिटे संपत आली की दंडावरचा पट्टा फुगवून रक्त अडवले. स्नायूतली थकव्याची रसायने तिथेच कोंडली, त्यांची खबर देणाऱ्या बारीक नसा चालूच राहिल्या. स्नायू सैल सोडून मिनिटभराने पुन्हा थोडा वेळ जोर लावला. मेंदूच्या पृष्ठभागाची चेतनाक्षमता दाखवणारी मापे थोड्या वेळात पूर्ववत झाली होती, पण टीएमएसने पडणारी भर तशीच मोठी राहिली. पट्टा सोडला, रक्त वाहू लागले, आणि भर कमी झाली. थोडक्यात, स्नायूतून वर जाणारी बातमी मेंदूच्या वरच्या पायरीवर आज्ञेला आवर घालते. दोन मिनिटांच्या अशा आकुंचनात हरवलेल्या जोरापैकी सुमारे पाव हिस्सा या वरच्या उणिवेकडे जातो असा अंदाज केला जातो. हलका जोर बराच वेळ धरून ठेवायच्या कामात तो हिस्सा आणखी मोठा दिसतो. मोस्सो पूर्ण चुकले नव्हते, मर्टनही नाही. मर्टन यांच्या प्रयोगात धक्क्याची जागा एकच होती आणि बारीक उणीव दिसण्याइतके यंत्र तीक्ष्ण नव्हते.

टीएमएसवर आक्षेप घेणारे म्हणतात की हा स्पंद मनगटावरच्या धक्क्यासारखा स्वच्छ नाही, आणि ते खरे आहे. एका स्पंदाने मेंदूतून एक नव्हे, लागोपाठ अनेक आवेगांच्या लाटा खाली येतात. सैल अवस्थेत मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही निवांत असतात, म्हणून तोच स्पंद कमी काम करतो. जोर चालू असताना दोन्ही तयारीत असतात, तेव्हा तोच स्पंद जास्त करतो. मग भाजकात घ्यायचा सैल आचका मोजायचा कसा? टॉड, टेलर आणि गांदेव्हिया यांनी 2003 मध्ये यावर तोडगा मांडला. निम्म्या जोरापासून पूर्ण जोरापर्यंत काही ठिकाणी भर मोजायची, त्या बिंदूंतून सरळ रेषा काढायची आणि ती शून्य जोरापर्यंत मागे ओढून तिथला आचका अंदाजाने घ्यायचा. कोपर वाकवणाऱ्या स्नायूंत हे चांगले जमते. इतरत्र प्रत्येक स्नायूवर आधी ते तपासूनच पुढे जावे लागते.

आणि मधली पायरी? मेंदू आणि नस यांच्यामध्ये मज्जारज्जू आहे आणि तो नुसता पोस्टमन नाही. त्याची तपासणी दोन बाजूंनी होते. गुडघ्यामागे नसेला हलका धक्का दिला की आधी संवेदना वाहणारे तंतू चेततात, आवेग वर मज्जारज्जूत जातो, प्रेरक पेशीला गाठतो आणि साधारण 30 मिलिसेकंदांनी पोटरीत लाट उमटते. पाउल हॉफमान यांनी 1910 च्या सुमारास जर्मनीत हे पाहिले, म्हणून त्याला एच-प्रतिक्षेप म्हणतात. दुसरी बाजू म्हणजे कानांमागच्या हाडांवर इलेक्ट्रोड ठेवून, मेंदूतून उतरणारे तंतू कवटीच्या तळाशी असताना त्यांनाच धक्का देणे. हा सुखाचा नाही, त्यामुळे त्यासाठी तयार होणारी माणसे कमी. पण त्यातून एक निरीक्षण मिळाले ते मोलाचे. दंडाच्या पूर्ण जोराच्या आकुंचनात थकवा चढत जातो तशी या धक्क्याला मज्जारज्जूतून मिळणारी प्रतिक्रिया घटते. म्हणजे तीच हाक आली तरी खालची पेशी कमी ओ देते. टीएमएसनंतर मेंदूतून येणारा रेटा काही क्षण पूर्ण थांबतो, त्या शांत क्षणात हीच प्रतिक्रिया पुष्कळच खाली जाते. एकूण, पेशीची तत्परता वरून मिळणाऱ्या रेट्यावर टेकलेली असते. मेंदूची आज्ञा आणि मज्जारज्जूची तयारी या दोन वेगळ्या पिशव्या नाहीत.

गेल्या वीसेक वर्षांत आलेली एक पद्धत पाहून कोणी म्हणेल की धक्क्यांचे दिवस संपले. स्नायूवर चौसष्ट किंवा अधिक इलेक्ट्रोडची जाळी बसवायची, एकाच वेळी सगळ्यांची नोंद घ्यायची आणि संगणकाने गुंता सोडवून प्रत्येक मोटर युनिटचे आवेग वेगळे काढायचे. दारिओ फारिना, रोबेर्तो मेर्लेत्ती यांच्यासारख्यांच्या कामातून ही पद्धत पक्की झाली. 1929 मध्ये एड्रियन आणि ब्राँक यांनी स्नायूत सुई घालून एक-दोन युनिटांचे आवेग लाउडस्पीकरवर टकटक ऐकले होते. आता सुईविना वीस-तीस युनिटे एकदम वाचता येतात. एकेक आवेग मज्जारज्जूतल्या एकेका पेशीचा, त्यामुळे माणसाच्या जिवंत मज्जारज्जूतून काय बाहेर पडते हे सरळ दिसते. चार आठवड्यांच्या ताकदीच्या व्यायामाने नडगीच्या पुढच्या स्नायूत तीच युनिटे कमी जोरावर कामाला लागू लागली आणि त्यांचा वेग वाढला, हे 2019 च्या एका अभ्यासात याच पद्धतीने दाखवले गेले. एवढ्या थोड्या काळात वाढलेल्या ताकदीचा मोठा वाटा चेतासंस्थेचा असतो, हे कातडीवरच्या साध्या ईएमजीवरून कधीपासून सांगितले जात होते. आता ते पेशीपातळीवर दिसले.

पण मज्जारज्जूतून बाहेर येणारे ऐकले म्हणजे मेंदूने आत पाठवलेले ऐकले असे होत नाही. प्रेरक पेशीच्या, रेटा झेलणाऱ्या फांद्यांवर काही असे विद्युत मार्ग असतात की एकदा उघडले की ते बराच वेळ उघडे राहतात आणि आत येणारा विद्युतभार वाढवत नेतात. मेंदूच्या देठातून येणारी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने त्यांना उघडायला मदत करतात. मांजरांवरच्या प्रयोगांत येणाऱ्या रेट्याची तीन ते पाच पट वाढ झालेली आढळली. माणसात ते पाहण्याची युक्ती मोनिका गोरासिनी आणि सहकाऱ्यांनी काढली. जोर सावकाश वाढवून सावकाश उतरवायचा आणि दोन युनिटांकडे पाहायचे. आधी लागलेले, हळू चालणारे पहिले युनिट येणाऱ्या रेट्याचा मापक म्हणून धरायचे. दुसरे युनिट कामाला लागताना पहिल्याचा वेग किती होता ते नोंदायचे, आणि उतरताना दुसरे बंद पडले तेव्हाचाही. बंद पडतानाचा वेग सहसा कमी असतो. म्हणजे चालू करायला जितका रेटा लागला त्याहून कमी रेट्यावर ते चालू राहते. मधला फरक पेशीने स्वतःच्या आतून भरून काढला. कल्पना करा की दोन माणसांची प्रेरक पेशी सेकंदाला वीस आवेग देते. एकाच्या मेंदूने भरपूर पाठवले, दुसऱ्याच्या मेंदूने थोडे पाठवले आणि मज्जारज्जूने ते वाढवले. युनिटांच्या नोंदीत दोघे जुळे दिसतील. म्हणून इथेही पुन्हा वरून धक्का देऊन किती मावते ते विचारणे भाग पडते.

आता एक प्रामाणिक आक्षेप. निरोगी माणसे नव्वदीच्या वर चेतवत असतील तर आरडाओरडा करून ताकद वाढते कशी? मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी 1961 मध्ये हे पाहिले होते. कोपर वाकवण्याचा जोर मोजताना मागे पिस्तूल उडवले, किंवा माणसाने स्वतःच ओरडले, तर जोर वाढला. रस्सीखेचीत आरोळी ठोकणाऱ्यांना हे प्रयोगाविनाही माहीत असते. उत्तराचा एक भाग असा की त्या काळी ‘पूर्ण जोर’ म्हणजे काय हे तपासणारा धक्का त्यांच्या पद्धतीत नव्हता. सराव नसलेला माणूस पहिल्या काही प्रयत्नांत पूर्ण जोर लावतच नाही, आणि ओरडण्याने भरणारी जागा तीच असावी. दुसरा भाग वर सांगितलेली वाकलेली रेषा. तिच्या टोकाला टक्केवारी कमी हलते आणि जोर जास्त. एका हाताला व्यायाम दिला तर न वापरलेल्या हाताची ताकदही थोडी वाढते, हे येल विद्यापीठातल्या एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेने 1894 मध्येच दाखवले होते. न हललेल्या हाताचे स्नायू तर वाढले नव्हते. नव्वदीच्या वरची ती बारीक फट वरकरणी दिसते त्याहून मोठी आहे याचा हा आणखी एक पुरावा.

निरोगी दंडावरची फट बारीक असली तरी आजारात ती खिंडार होते, आणि पायऱ्या वेगळ्या ओळखण्याचा फायदा तिथेच दिसतो. पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत दुबळ्या हाताच्या स्नायूत टीएमएसला लाट उमटते की नाही, हे हात किती परतेल याच्या अंदाजात वापरले जाते. लाट उमटली तर मेंदूपासून खालपर्यंतचा रस्ता शाबूत आहे असे धरता येते. गुडघ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू झडू लागतो, आणि लोक समजतात की दुखते म्हणून माणूस जोर लावत नाही. निरोगी गुडघ्यात पन्नास-साठ मिलिलिटर खारे पाणी भरून पाहिले तेव्हा दुखत नसतानाही मांडीचा एच-प्रतिक्षेप खाली आला. सांध्यात पाणी भरल्याची बातमी मज्जारज्जूत पोहोचते आणि तिथे प्रेरक पेशींना दाबून धरते, मेंदू कितीही जोर देवो. अशा रुग्णाला नुसते ‘अजून जोर लावा, काकू’ म्हणून भागत नाही. साचलेले पाणी काढणे, सांध्यावर बर्फ ठेवणे आणि स्नायूला बाहेरून विजेचे धक्के देऊन मज्जारज्जूला वळसा घालणे, यांचा उपयोग अशा गुडघ्यांवर होतो. झडलेल्या मांडीत चेतवण्याचा टक्का चांगला निघाला तर मात्र वजन उचलायला लावावे लागते, आणि हे दोन गुडघे नुसते पाहून किंवा जोर मोजून वेगळे ओळखता येत नाहीत.